पाठीचा उपचार फोटोवरून ठरू नये

सोयाबीनची काढणी उरकत येते, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीला लागतात, त्या दिवसांत धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर थोडा वेळ बसलं तरी एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘मणक्यात गॅप पडलीय म्हणे.’ कुणी सोलापूरला दाखवून आलेलं असतं, कुणी लातूरला, कुणी बार्शीला. हातात एमआरआयची मोठी पिशवी असते आणि आतल्या कागदावर ‘डिस्क बल्ज’, ‘डिजनरेशन’, ‘नर्व्ह रूट कॉम्प्रेशन’ असे घाबरवणारे शब्द. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, योजनेत बसतंय तर ऑपरेशन उरकून टाकू. दुसरा म्हणतो, मणक्याला हात लावला की माणूस कायमचा खाटेला खिळतो. त्यापेक्षा बिनऑपरेशनवाल्याकडे नेऊ. रस्त्याकडेच्या पाट्याही या दोनच प्रकारच्या असतात. बहुसंख्य रुग्णांसाठी जो रस्ता खरा आहे, त्याची मात्र पाटी कुठे दिसत नाही.

आधी त्या ‘गॅप’बद्दल. कमरेत पाच मणके असतात आणि दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी. गादीचं बाहेरचं वेटोळं चिवट आणि आतला गर मऊ, पाणीदार असतो. वय वाढतं तसं गरातलं पाणी कमी होतं आणि गादी चपटी होते. म्हणजे एक्स-रेमध्ये जी ‘गॅप’ सांगितली जाते ती पडलेली फट नसते. उलट दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं. हाड निखळलंय, पाठ दुभंगलीय असं जे चित्र रुग्णाच्या मनात उभं राहतं, त्याचा वस्तुस्थितीशी संबंध नसतो. कधी कधी वेटोळ्याला चीर जाऊन आतला गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेच्या मुळाला डिवचतो. तेव्हा कुल्ल्यापासून मांडी, पोटरी आणि पावलापर्यंत चमका, मुंग्या, जळजळ सुरू होते. हाच सायटिका. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, कारण रुग्णाची चाल गिधाडासारखी होते.

आता एमआरआयकडे वळू. अमेरिकेत १९९४ साली ९८ जणांच्या कमरेचे एमआरआय काढले गेले. या लोकांना पाठीचा काहीच त्रास नव्हता. तरीही त्यांच्यातल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांमधल्या, पाठ न दुखणाऱ्या ३,११० लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्यांमध्ये झीज होती, चाळिशीत ६८ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. फुगवटा विशीत ३० टक्क्यांना, पन्नाशीत ६० टक्क्यांना. ही माणसं चालत होती, कामं करत होती, रात्री झोपत होती. केस पांढरे होतात, कातडीला सुरकुत्या पडतात, तशीच ही आतली सुरकुती.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा नाही. फोटोत दिसणारी गोष्ट आणि रुग्णाचं दुखणं यांचा मेळ बसला पाहिजे, एवढंच. हा मेळ तपासायला लागतात दहा मिनिटं आणि दोन हात. रुग्णाला उताणं झोपवून सरळ पाय वर उचलायचा, कितव्या अंशाला चमक निघते ते बघायचं. अंगठा वर ओढायला लावून ताकद तपासायची. टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावायचं. गुडघ्यावर, घोट्यामागे हातोडी मारून झटका येतो का पाहायचं. बधिरपणा नेमका कुठल्या पट्ट्यात आहे ते विचारायचं. एवढं झालं की कुठली नस दुखावली आहे याचा अंदाज येतो आणि मग फोटोला अर्थ येतो. डाव्या पायात चमका आणि फोटोतला फुगवटा उजवीकडे, असं असेल तर त्या फुगवट्यावर इलाज करून उपयोग काय?

दुसरी गोष्ट त्याहून दिलासा देणारी आहे. बाहेर आलेला गर शरीर स्वतःच शोषून घेऊ शकतं. तो आपल्या जागेवरून बाहेर पडला की शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला परका समजते आणि तिथे आलेल्या पेशी त्याचा हळूहळू फडशा पाडतात. २०१५ मध्ये याविषयीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. गादीपासून पूर्ण तुटलेला तुकडा ९६ टक्के रुग्णांमध्ये आक्रसला होता. बराच बाहेर आलेला गर ७० टक्के रुग्णांमध्ये आणि नुसता फुगवटा मात्र १३ टक्के रुग्णांमध्येच. म्हणजे फोटोत जो प्रकार सगळ्यात भयंकर दिसतो, तोच आपोआप नाहीसा होण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ कमरेला लावून घेण्याची जुनी समजूत आहे. लाथ खाल्लेले अनेकजण दोन-चार दिवसांत बरे होतात आणि पायाळू माणसाचं नाव होतं. खरं तर उसण लाथेविनाही तेवढ्याच दिवसांत गेली असती. पण ही समजूत हसण्यावारी नेणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. महागडं यंत्र, ‘लेझर’, इंजेक्शनांचा कोर्स किंवा घाईने केलेलं ऑपरेशन, यांच्या पदरात पडणाऱ्या यशातही आपोआप बरं होण्याचा वाटा असतो. तो वेगळा काढायचा तर रुग्णांचे दोन गट करून तुलना करावी लागते.

तशी तुलना झाली आहे. गादीतून बाहेर आलेला गर हे सायटिकाचं कारण आहे, हे १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलं आणि गादीच्या शस्त्रक्रियांचं युग सुरू झालं. १९८३ मध्ये नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी ज्यांच्याबाबत निर्णय अवघड होता अशा १२६ रुग्णांचा १० वर्षांचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले लोक अधिक बरे होते. चार वर्षांनी हा फरक फारसा उरला नाही आणि दहा वर्षांनी दोन्ही गट सारखेच होते. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवर असाच अभ्यास झाला. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया, बाकीच्यांनी थांबायचं आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, बाकीच्यांना नाही. वर्षअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाले होते. फरक होता तो वेगाचा : शस्त्रक्रियेच्या गटाला साधारण ४ आठवड्यांत आराम पडला, थांबलेल्यांना १२ आठवडे लागले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२० मध्ये कॅनडातून आलेल्या अभ्यासात ४ ते १२ महिने सायटिकाने बेजार असलेल्या १२८ रुग्णांची तुलना झाली. त्यात सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांचं पायाचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं. म्हणजे पहिले दीड-दोन महिने धीर धरण्यात शहाणपण आहे; पण पायातल्या कळांनी माणूस आठ महिने झोपत नसेल, फोटो आणि तपासणीचा मेळ बसत असेल, तर केवळ भीतीपोटी ऑपरेशन टाळण्यात शहाणपण नाही. आणखी एक गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगितली जात नाही. गादीचं ऑपरेशन हे मुख्यतः पायात उतरणाऱ्या कळांसाठी असतं. फक्त कंबर दुखते, पायात काही नाही, अशा माणसाला त्याचा फारसा फायदा होत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नये. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागेला बधिरपणा येणं, पाऊल लुळं पडून चप्पल पायातून निसटणं किंवा पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होणं. लघवी-शौचाचा ताबा जातो तेव्हा काही तासांत शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात पोचणं गरजेचं असतं. तिथे मालिश, शेक, जडीबुटी यात घालवलेला वेळ माणसाला आयुष्यभर महागात पडतो. पाठीच्या दुखण्याबरोबर ताप, वजन घटणं, रात्री वाढणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल तरीही लगेच तपासणी हवी.

ताप आणि वजन घटण्याचा उल्लेख आला की आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग आठवलाच पाहिजे. गंमत अशी की ऑपरेशनशिवाय मणका बरा करण्याचा एक भक्कम धडा याच आजाराने आणि भारतीय डॉक्टरांनीच दिला. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातले डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये ‘मधला मार्ग’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत जगापुढे मांडली : सगळ्या रुग्णांना क्षयरोगाची औषधं, आणि शस्त्रक्रिया फक्त ज्यांना तिची ठरावीक कारणांनी गरज आहे त्यांनाच. सरसकट सगळ्यांना कापायचं नाही आणि कुणालाच कापायचं नाही असंही नाही. ही औषधं आज सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गादीच्या दुखण्यालाही हाच विचार लागू करायला हवा.

मग त्या दीड-दोन महिन्यांत करायचं काय? पहिली गोष्ट, खाटेवर पडून राहायचं नाही. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये झालेल्या अभ्यासात, अचानक पाठ धरलेल्यांपैकी ज्यांनी झेपेल तेवढी नेहमीची कामं चालू ठेवली ते झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर सावरले. दुखणं तीव्र असताना एखाद-दोन दिवस विश्रांती ठीक. महिनाभराची ‘बेडरेस्ट’ स्नायू दुबळे करते आणि मनात भीती घट्ट करते. दुसरी गोष्ट चालणं. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरच्या २०२४ च्या अभ्यासात, पाठदुखीतून बरं झाल्यावर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने चालणं वाढवणाऱ्यांचं दुखणं सरासरी २०८ दिवसांनी उलटलं. काहीच न करणाऱ्यांचं ११२ दिवसांनी. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला हजारो लोक चालत येतात. इतकं नको, रोज गावाच्या वेशीपर्यंत जाऊन परत येण्यापासून सुरुवात पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीवर शस्त्रक्रियेविना उपचारांच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणून हा विषय त्यांनी हाती घेतला. रुग्णाला दुखणं नीट समजावून सांगणं, व्यायाम, मालिशसारखे काही हाताने करायचे उपचार, गरज असेल तिथे मानसिक आधाराचे उपचार आणि मोजक्या दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या यांना त्यांनी पाठिंबा दिला. कमरेचा पट्टा आणि वजनं लावून ओढण देणं, म्हणजे ट्रॅक्शन, नेहमीच्या उपचारात वापरू नये असं सांगितलं. आपल्याकडे मेडिकलवाला पाठ म्हटलं की आधी पट्टाच काढून देतो.

गोळ्यांचंही तसंच. ‘नसेची गोळी’ म्हणून सर्रास लिहिली जाणारी प्रीगॅबालिन २०१७ मध्ये सिडनीतल्या अभ्यासात सायटिकाच्या २०९ रुग्णांवर तपासली गेली. नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा तिचा जास्त उपयोग झाला नाही, चक्कर मात्र जास्त आली. डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं दर आठवड्याला घेणाऱ्या, उन्हात राबून पाणी कमी पिणाऱ्या माणसाची किडनी धोक्यात येते. बिननावाच्या पुड्यांनी एका रात्रीत आराम पडला तर आत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा.

आणि पायाची प्रत्येक जळजळ पाठीतून येत नाही. दोन्ही तळव्यांना एकदम मुंग्या, आग, कापसावर चालल्यासारखं वाटणं, याचं कारण मधुमेह किंवा बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकतं. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती कमतरता आढळते. साध्या रक्ततपासणीत ती कळते. अशा माणसाच्या मणक्याचा एमआरआय काढला तर फुगवटा सापडणारच, आणि दोष भलत्यालाच लागणार.

इथपर्यंतचं सगळं विज्ञान सांगतं. पण धाराशिवमध्ये खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. ‘सहा आठवडे धीर धरा, जड उचलू नका, व्यायाम करा’ हा सल्ला पगारी माणसाला परवडतो. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाची पाठ धरली की दोघांचं काम थांबतं. खाडा पडला की पैसे कापले जातात. दिवसभर वाकून तोडायचं आणि मग डोक्यावर मोळी घेऊन शिडीवरून ट्रक भरायचा. अशा माणसाला कुणी ‘एकदाच ऑपरेशन, कायमची सुट्टी’ म्हटलं तर ते त्याला पटतं, कारण त्याच्याकडे पैशांपेक्षाही वेळ कमी आहे.

याचा शेवट कुठे होतो ते शेजारच्या बीडने दाखवून दिलं आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. अंगावरून जाणं, पोट दुखणं, कंबर दुखणं अशा तक्रारींवर औषधं आणि सवड लागते. ती नव्हती म्हणून अवयव गेला. त्यातल्या ज्यांची अंडाशयंही निघाली त्यांची हाडं लवकर ठिसूळ होतात आणि कंबरदुखी पुन्हा दारात येते. मणक्याच्या बाबतीत आपण त्याच वाटेला लागू नये, असं मला वाटतं.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, फिजिओथेरपी गावाजवळ आणावी. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून आणि जिल्हा रुग्णालयातून ग्रामीण रुग्णालयांत ठरलेल्या वारी फिजिओथेरपिस्ट बसवणं अशक्य नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या सामान्य बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं, हे याच जिल्ह्यात घडलं आहे. आशाताईंना धोक्याच्या खुणा ओळखायला आणि पाठीचे चार-पाच व्यायाम शिकवायला त्यापेक्षा अवघड काही लागणार नाही.

दुसरी, योजनेचा तोल बदलावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना गरिबांसाठी मोठा आधार आहे आणि तिचं संरक्षण कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पण ती रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांसाठी आहे. सहा आठवडे येऊन-जाऊन व्यायाम शिकण्याचा खर्च रुग्णाच्याच खिशातून जातो. जे फुकट आहे तिकडे माणूस वळणारच. देखरेखीखालच्या फिजिओथेरपीलाही योजनेत जागा द्यावी आणि तातडीच्या खुणा नसतील तर मणक्याच्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतलं जावं. बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला होता. इथे परवानगीची गरज नाही, त्याने तातडीचे रुग्ण अडकतील. दुसरं मत पुरेसं आहे.

तिसरी, कामाची पद्धत. मोळीचं वजन कमी ठेवणं, ट्रक भरायला यंत्राची मदत, हंगामाआधी आणि नंतर आरोग्य तपासणी आणि आजारपणाच्या खाड्याला दंड नाही, या गोष्टी कारखान्यांनी आणि ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने ठरवल्या तर होऊ शकतात. पाठ मोडेपर्यंत काम करून घ्यायचं आणि नंतर पाठीचा उपचार फुकट देतो म्हणायचं, यात कल्याण कसलं?

तोवर एमआरआयची पिशवी घेऊन डॉक्टरांसमोर बसलेल्या माणसाने चार प्रश्न जरूर विचारावेत. माझ्या पायाची ताकद कमी झाली आहे का? फोटोत दिसतंय तेच माझ्या दुखण्याचं कारण आहे, हे तपासणीवरून कशावरून म्हणता? आणखी सहा आठवडे थांबलो तर नुकसान काय होईल? आणि ऑपरेशनने पायाची कळ जाईल, की कंबरही थांबेल? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही, त्यांची उत्तरं देतो. ‘शंभर टक्के खात्री’ देणारा, मग तो ऑपरेशनवाला असो की बिनऑपरेशनवाला, उत्तर टाळत असेल तर पिशवी उचलून दुसरीकडे दाखवायला जावं.